रुमालाखालचा भाव

मगदुमांच्या घरात सकाळी देवदर्शनाच्या आधी बिंबदर्शन व्हायचं. भरतेश मगदूम दात घासता घासता मनगटावरचा आकडा बघायचा, आणि त्या दिवशीचा चहा गोड लागणार की नाही हे तिथंच ठरायचं. आकडा चढता असला की पोह्यांत मीठ कमी पडलं तरी चालायचं. उतरता असला की पोहेच काय, पोहे विकणारा वाणीसुद्धा चोर ठरायचा.

त्या मंगळवारी आकडा होता एकेचाळीस.

"एकेचाळीस," तो म्हणाला. "काल त्रेचाळीस होता."

"मी विचारलं का?" त्रिशला म्हणाली.

"कंपनी तुझी आहे म्हणून सांगालोय."

"कंपनी माझी आहे ना? मग तिचा भाव मला विचारा. त्या बिंबाला काय कळतंय, अहो? ते कधी मिरजेला तरी आलंय का?"

भरतेशने मनगटावर बाही ओढून घेतली. तो कंपनीचे हिशेब बघायचा, आणि हिशेब बघणाऱ्या माणसाला बायकोशी वाद घालायची हौस नसते. पण पोहे त्याने अर्धे टाकले.

त्रिशलाची कंपनी म्हणजे कर्णिका. मिरजेत, तंबोरे घडवणाऱ्या गल्लीला लागून दोन मजले आणि वर पत्रे. तिथं कानाची यंत्रं बनायची. बाजारातली बाकीची यंत्रं सगळा आवाज सरसकट मोठा करत. म्हातारी माणसं वैतागून ती काढून ठेवत, कारण सूनही ओरडते आणि कुकरही ओरडतो, बोलणं मात्र कळत नाही. वय झालं की कान आवाज हरवत नाही, आवाजातले बारीक वरचे पदर हरवतो. शब्दाचा आकार त्या पदरांत असतो. त्रिशला शाळेत जाता-येता कारागिरांना तंबोऱ्याची जवारी लावताना बघत मोठी झाली होती. घोडीचा, म्हणजे तारांखालच्या पट्टीचा, माथा असा घासायचा की तार तिला जेमतेम चाटत राहते आणि एका सुरातून दहा सूर उमलतात. कॉलेजात तिला सुचलं की हेच बोलण्याला करता येईल. ऐकू येणाऱ्या खालच्या आवाजालाच घासून त्यातून हरवलेले पदर उमलवायचे. त्यासाठी तिनं एक चिप बनवली. ती चिप माणसाच्या मेंदूबरोबर शिकत जायची, म्हणून दर महिन्याला तिला कर्णिकेच्या संगणकाशी बोलावं लागे. अकरा हजार माणसं त्या चिपेच्या भरवशावर नातवंडांशी बोलत होती. कंपनी बंद पडली तर चार-सहा महिन्यांत ती सगळी पुन्हा बहिरी होणार होती.

आणि कंपनी बंद पडायची वेळ आली होती ती बिंबामुळे.

ज्या कंपन्यांचे शेअर बाजारात आहेत त्यांचा भाव क्षणाक्षणाला कळतो. कर्णिकेसारख्या, बाजारात न आलेल्या कंपनीला मात्र पूर्वी भावच नसायचा. दोन-तीन वर्षांतून एकदा नवा गुंतवणूकदार यायचा, बंद खोलीत चहा आणि थापा व्हायच्या, आणि एक आकडा ठरायचा. मधल्या काळात बाजार आपटला तरी अशा कंपन्यांना झळ उशिरा लागे. त्या उशिरातच कित्येक कंपन्या तगून जात. मग बिंब आलं. ते कंपनीचं वीजबिल वाचायचं, कुरियरचे खोके मोजायचं, कुणी कितीदा रजा घेतली ते बघायचं. मग बाजारातल्या कंपन्यांमधून या कंपनीसारख्या दिसणाऱ्या पाच निवडायचं आणि त्यांच्या भावावरून हिचा भाव काढायचं, दर मिनिटाला. त्या पाच कंपन्यांना कागदोपत्री काहीतरी भारदस्त नाव होतं. मराठी मुलखात सगळे त्यांना भावकी म्हणत.

यंत्र वाईट नव्हतं, हे कबूल करायला हवं. पुष्कळांच्या थापा त्याने उघड्या पाडल्या. घोळ असा झाला की लोकांनी आरशालाच चेहरा मानलं. आणि कर्णिकेच्या बाबतीत आरसा बघत होता भलतीकडेच. ती बारीक स्पीकर, बारीक बॅटऱ्या ज्या कारखान्यांतून घ्यायची, तिथूनच गाणी ऐकायचे इअरफोन बनवणाऱ्या बड्या परदेशी कंपन्याही घ्यायच्या. बिंबाने खरेदी बघितली आणि कर्णिकेला इअरफोनवाल्यांच्या भावकीत नेऊन बसवलं.

त्रिशलाच्या हे पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. पण तेव्हा इअरफोनचा जमाना होता. शेअर नऊशे रुपयांवर गेला होता. गुंतवणूक केलेल्या वरुणा फंडाचा निरंजन केसकर, म्हणजे तिचा कॉलेजातला सीनियर, फोनवर हसत म्हणाला होता, "चढतंय ना? मग भावकी कुणाची का असेना!" ती गप्प बसली. कारखान्यात जिलेबी वाटली गेली. पोरांनी शेअरच्या भरवशावर फ्लॅट बुक केले.

या वर्षी आवाज थेट नसेला पोचवणाऱ्या नव्या शोधाची बातमी आली आणि जगभरच्या बाजारांत इअरफोनवाले कोसळले. मयत झालं भावकीत आणि सुतक आलं मिरजेला. गंमत म्हणजे त्याच तीन महिन्यांत कर्णिकेची मागणी दीडपट झाली होती. बिंबाने तीही नोंदली होती. पण भावकी एवढी जोरात पडली की तिच्यापुढे हे चिल्लर ठरलं. भावकी बदलायचा अर्ज त्रिशलाने बिंबवाल्यांकडे केला होता. उत्तराला सहा महिने लागतील, असं कळलं.

तेवढा वेळ नव्हता. फंडाबरोबरच्या करारात एक कलम होतं. बिंबाचा भाव सलग दहा दिवस शंभराच्या खाली राहिला, तर फंडाला सबंध कंपनी विकता येईल आणि बाकी सगळ्या भागीदारांना त्याच भावात आपापले शेअर द्यावे लागतील. कारखान्यातली पोरं त्या कलमाला कासरा म्हणायची. बैलाची इच्छा असो नसो, कासरा ओढला की जायचं.

निरंजन त्याच दुपारी पुण्याहून आला. स्टेशनाजवळच्या खानावळीत दोघं जेवायला बसली.

"गिऱ्हाईक मिळालंय," तो म्हणाला. "इअरफोनवालीच एक कंपनी. एकेचाळीसने घेतील. येत्या सोमवारी दहा दिवस पुरे होतात."

"त्यांना चिप पाहिजे. गाण्यात घालतील. माझ्या म्हाताऱ्यांचं काय करणार ते?"

"सेवा बंद करतील. लपवत नाही तुझ्यापासून."

"दादा, मागणी वाढालीय आमची. तू हिशेब बघितलायस. मग विकायचं कशाला? वर्षभर थांब की."

निरंजनने ताट तिच्याकडे सरकवलं. "हे बघ. आमच्या फंडात पैसा कुणाचा? परदेशातल्या शिक्षकांच्या पेन्शनीचा. त्यांना डॉक्टरने सांगितलंय, ताटात लोणचं दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. लोणचं म्हणजे तुमच्यासारख्या कंपन्या. भात-आमटी म्हणजे बाजारातले शेअर. आता इअरफोनवाल्यांपाठोपाठ सगळाच बाजार पडला, म्हणजे ताटातला भात अर्धा झाला. तुमची फोड आटली तरी बाकीचं लोणचं होतं तेवढंच आहे, पण ताटाच्या मानाने ते जास्त दिसायला लागलं. मग काय करणार?"

"भात वाढून घेणार."

"भात मिळत नाहीये. म्हणून जे लोणचं फेकता येतं ते फेकायचं."

"चांगलं मुरलेलं लोणचं?"

"मुरलंय का नासलंय, हे कुणी चाखून बघत नाही, त्रिशला. फक्त किती आहे ते बघतात." तो ओशाळला होता. पंधरा वर्षांपूर्वी हाच माणूस तिच्या होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून पहिल्या चिपेची आकृती बघत होता, आणि बघताना त्याचे डोळे चमकले होते. "मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण मी फंड नाही. मी फंडाचा नोकर आहे."

त्रिशलाला त्याचा राग आला आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा आला. नऊशेचा भाव खोटा आहे हे माहीत असताना तिनं जिलेबी खाल्ली होती. आता एकेचाळीसचा खोटा आहे म्हणून कुणापुढे रडणार?

"एक विचारू?" ती म्हणाली. "करारात लिहिलंय, खरा व्यवहार झाला तर बिंबाचा भाव बाजूला ठेवायचा. बरोबर?"

"शंभरातले दोन शेअर तरी बाहेरच्या माणसांनी रोख विकत घेतले पाहिजेत. मग तो भाव वर्षभर धरायचा. पण कोण घेईल? येणारा प्रत्येक जण आधी मनगटाकडे बघणार. तिथं एकेचाळीस दिसलं की तो बेचाळीस म्हणणार, फार तर."

"आणि बघितलंच नाही तर?"

"आजकाल न बघणारा माणूस कुठं मिळतो?" निरंजन हसला. त्रिशला हसली नाही. तिनं ताक एका दमात संपवलं आणि उठली.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत भरतेश जेवायला बसला तेव्हा तिनं सांगितलं, "रविवारी आपले शेअर विकायचे. हत्त्यावर."

भरतेशच्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या हळदीची अडत होती, सांगलीच्या बाजारात. हत्ता म्हणजे काय हे त्याला सांगायची गरज नव्हती. अडत्या हातावर रुमाल टाकायचा, व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचा. जेवढी बोटं तेवढा भाव. शेजारच्याला पत्ता लागत नसे. अडत्या सगळ्यांचे हात घेत फिरायचा आणि मग सौदा तोडायचा, म्हणजे वरच्या भावाला पक्का करायचा.

"वेड लागलंय तुला," तो म्हणाला. "हत्ता कायद्यानं बंद झाला. का बंद झाला, माहीत आहे? रुमालाखाली शेतकऱ्याला लुटायचे. आमचे आजोबासुद्धा त्यात होते, खोटं कशाला बोलू?"

"शेतमालाला बंद झालाय. शेअरला नाही. वकिलाला विचारलंय मी. आणि ते भाव लपवून ठेवायचे, आपण सौदा तुटला की प्रत्येकाचा आकडा नावासकट भिंतीवर लावायचा. लपवायचं ते फक्त हात दाबेपर्यंत."

"मग लिफाफे मागव की सरळ."

"लिफाफा घरी भरतात, आणि घरी फोन असतो. मला असा माणूस पाहिजे ज्याला आमचा माल माहीत आहे, आणि ज्याच्या मनगटावर काही नाही. घड्याळ, आकडे दाखवणारा चष्मा, फोन, सगळं बाहेर टोपलीत. कानाची यंत्रं विकणारे, लावून देणारे डॉक्टर, सांगली, विजापूर, बेळगाव, सातारा. सगळ्यांना बोलावते."

भरतेशने भाकरी ताटात ठेवली. मग त्याने हिशेब बघणाऱ्या माणसाने विचारावं तेच विचारलं. "रुमालाखाली खरा भाव निघतो, त्रिशला. तो साठ निघाला तर? मग वर्षभर साठच धरावा लागेल. भावकी बदलली तरी उपयोग नाही. कासरा तर ओढला जाईलच, वर आपणच स्वतःच्या हाताने ओढला असं होईल."

"तर खऱ्याने मरू. खोट्याने मरणार नाही मी."

"हे बोलायला ठीक आहे."

"करायलाही ठीक आहे. तुम्ही येणार का नाही, तेवढं सांगा."

त्याने भाकरी मोडली. "अडत्याच्या घरातला मी आहे," तो कुरकुरला. "रुमाल धरायला तुला येतं का?"

रविवारी सकाळी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या अंथरल्या. दाराशी टोपली, तिच्यात घड्याळं, चष्मे, फोन एकावर एक पडले. मनगट रिकामं झालं की माणसं आधी थोडी कावरीबावरी होत, मग चहाकडे वळत. पंचवीसेक जण आले होते. त्यांत कानांच्या दुकानांचे मालक होते, डॉक्टर होते, आणि ऐनापुरे नावाचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते स्वतः कर्णिकेचं यंत्र लावायचे आणि पेन्शनीतले पैसे घेऊन आले होते. त्रिशलाने सगळ्यांपुढे हिशेबाचे कागद ठेवले. किती यंत्रं विकली, किती परत आली, कुठं तोटा, सगळं. वाईट होतं तेही ठेवलं. शेअर कुणाचे विकतोय आणि का विकतोय, तेही आडपडदा न ठेवता सांगितलं.

"दहाचा हिशेब," भरतेशने पुकारलं. "एक बोट म्हणजे दहा रुपये. पंजा म्हणजे पन्नास. शेअरचे वाटे पाडलेत. एकेका वाट्याला ज्याचा भाव वर, त्याचा तो वाटा."

रुमालाखाली एका बाजूने तो हात घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला त्रिशलाचा हात असायचा, म्हणजे दोघांनाही कळावं. पहिला हात साताऱ्याच्या दुकानदाराचा. पंजा आणि दोन बोटं. सत्तर. दुसरा हात ऐंशी. तिसरा पुन्हा सत्तर. भरतेशचा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पोहे टाकायच्या आधी तो असाच व्हायचा. चौथा हात विजापूरच्या डॉक्टर कलावती हिरेमठांचा. त्यांनी पंजा दाबला, पुन्हा पंजा दाबला, आणि वर दोन बोटं.

"एकशे वीस," सौदा तुटल्यावर भरतेशने भिंतीवर लिहिलं.

साताऱ्याचा दुकानदार उडालाच. "डॉक्टर, एवढा?"

"माझ्या दवाखान्यात यांच्या यंत्रासाठी चार महिने रांग आहे री," डॉक्टर हिरेमठ म्हणाल्या. "तुमच्या दुकानात नसेल तर तुम्ही सत्तरच द्या."

त्याच्याही दुकानात होती. पुढच्या वाट्याला त्यानेच एकशे दहा दाबले. मग भाव एकशे दहा ते एकशे तीस यांच्यामध्ये खेळत राहिला. नऊशे कुणाच्याच बोटांत नव्हते, आणि एकेचाळीसही नव्हते. ऐनापुरे सरांनी एक वाटा एकशे तीसने घेतला आणि भिंतीवरचं आपलं नाव शुद्धलेखन तपासल्यासारखं दोनदा वाचलं. त्रिशलाला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, कारण अजून एक वाटा शिल्लक होता आणि तो खपल्याशिवाय शंभरातले दोन पुरे होत नव्हते.

तेवढ्यात निरंजन केसकर जिन्याने वर आला. हातात फंडाची नोटीस होती.

"थांबव हे," तो धापा टाकत म्हणाला. "यांना माल विकायचाय तुझा, हे तुझेच लोक आहेत, असं फंडाचे वकील म्हणणार. कोर्टात ओढतील."

"ओढू देत. ज्याला माल माहीत नाही त्याने भाव करायचा, आणि ज्याला माहीत आहे त्याने करायचा नाही, असा कायदा कोर्टाने मला वाचून दाखवावा. हे बाहेरचे आहेत, रोख पैसे मोजालेत." तिनं टोपलीकडे बोट केलं. "तू काय करतोस? नोटीस देतोस का बसतोस?"

"मी कसा बसू?"

"बूड टेकून. फंडाला राहू दे बाहेर, घड्याळाबरोबर. तुला स्वतःला विचारते मी. पहिली चिप तू बघितलीस. माल तुझ्याइतका कुणाला माहीत आहे?"

खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. निरंजनने नोटिशीची सुरळी केली. मग त्याने घड्याळ काढलं, चष्मा काढला, आणि सतरंजीवर बसला. शेवटच्या वाट्याला बाकीच्यांचे हात झाले होते. वरचा भाव एकशे तीस होता. भरतेशने त्याच्यापुढे रुमाल धरला.

निरंजनने पंजा दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. सहा पंजे. तीनशे.

त्रिशलाने हात झटक्यात बाहेर काढला.

"हा भाव नाही, दादा. ही भरपाई आहे."

"घे की. तुझाच फायदा आहे."

"माझ्या फायद्याचा खोटा भाव मी एकदा गपगुमान घेतला. त्याचीच फळं भोगतेय. तीनशेने मी देणार नाही. खरा सांगायचा तर सांग, नाहीतर ऊठ."

भरतेशने डोळे मिटले. त्याच्या तीन पिढ्यांत चढा भाव परत केलेला अडत्या कुणी ऐकला नव्हता. पण रुमाल त्याने हलू दिला नाही.

निरंजनचा चेहरा लाल झाला. त्रिशलाने हात पुन्हा आत घातला. या वेळी त्याने घाई केली नाही. पंजा. पंजा. मग तो थांबला, विचार करत राहिला, आणि चार बोटं दाबली, एकेक करून.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. "तुटला सौदा." आणि मग खालच्या आवाजात, "भिंतीवर नाव लागणार, दादा. सरकारी रजिस्टरातही जाणार."

"माहीत आहे." तो म्हणाला. "घेणं नियमात बसतं, फक्त जाहीर करावं लागतं. आणि जाहीर झालं की उद्या विचारतील, फंडातर्फे एकेचाळीसने विकणारा माणूस स्वतःच्या पैशाने एकशे चाळीसने कसा घेतो?"

"काय सांगशील?"

"सांगीन, एक भाव फंडाचा होता, एक माझा." तो भरतेशकडे वळला. "लिहा. केसकर. निरंजन वामन."

भरतेशने लिहिलं. खाली सरासरी काढली, एकशे बावीस, आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. कासरा तुटला होता. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. टोपलीतली घड्याळं एकदम थरथरायला लागली. खालच्या ऑफिसात पोरांनी व्यवहार नोंदवला असणार आणि बिंबाला कळलं असणार. कुणी उठून बघायला गेलं नाही. भरतेशसुद्धा नाही.

निरंजन मात्र दाराजवळ जाऊन उभा राहिला. नोटीस अजून त्याच्या हातात होती, तिची सुरळी झाली होती. परक्या लग्नात चुकून आलेल्या माणसासारखा तो कडेकडेने उभा होता.

"नोकरी गेली माझी," तो म्हणाला.

"गेली तर गेली," त्रिशला म्हणाली. "शेअर घेतलास ना? मग आत येऊन मालकासारखा बस. पाहुण्यासारखा दारात उभा राहू नकोस."